माशांच्या पेटीचा हीटर आणि आईचं कोपर

आमच्या घरात पाणी तापवायचं ते तीन वेळेला. दिवाळीच्या पहाटे, घरात बाळंतीण असली तर, आणि कुणी तापाने फणफणलं तर. एरवी सगळ्यांनी गार पाण्याने अंघोळ करायची, आणि तीही तांबे मोजून. कर्जत तालुक्यातल्या आमच्या बाजूला पाण्याची ओढ नेहमीचीच. बहात्तर साली मात्र विहिरीच्या तळाचा गाळसुद्धा वाळून भेगाळला. वडील मी चौथीत असतानाच गेले होते. चुलते आमचा तुकडा कसायचे आणि पिकलं तर वाटा द्यायचे. त्या साली पिकलंच नाही, त्यामुळे वाट्यावरून भांडायलाही काही उरलं नाही. आई दुष्काळी कामावर खडी फोडायला जाऊ लागली.

मी त्याच्या आदल्या वर्षी बी.एस्सी. झाले होते. फिजिक्स घेऊन, सेकंड क्लास. हे मी आजही जरा मोठ्याने सांगते, कुणाला आवडो न आवडो. आमच्या घराण्यात माझ्याआधी कॉलेजची पायरी कुणी चढलं नव्हतं, बापईमाणसांतलंही नाही. देवळाली प्रवऱ्याच्या शाळेत मला विज्ञान शिकवायची नोकरी लागली. एकट्या बाईला खोली द्यायला गाव तयार नव्हतं. शेवटी तिथल्या एका डॉक्टरांनी आपल्या घराच्या मागच्या अंगाच्या दोन खोल्यांपैकी एक दिली. दुसरीत औषधांच्या रिकाम्या बाटल्या भरलेली खोकी होती.

दिवाळीच्या सुट्टीत मी आईला भेटायला थेट खडीच्या कामावरच गेले. ती उन्हात, डोक्यावर पदर ओढून, दोन्ही पाय पसरून बसली होती. समोर दगड, हातात हातोडी. मला बघून म्हणाली, "आली व्हय? बस तिकडं सावलीला. एवढा ढीग मोजून झाला की सुट्टी." सावली म्हणजे बाभळीची, तिच्यात चौघी आधीच बसलेल्या. मी उभीच राहिले. मोजणीवाला तास दीड तासाने आला. तेवढ्या वेळात मी ठरवून टाकलं की हिला इथून न्यायचं. माझी खोली इतकी लहान की एक कॉट टाकली की चूल दाराबाहेर मांडावी लागे. दुसरी खोली मिळाली तरच ते जमणार होतं.

परत आल्या आल्या डॉक्टरांना विचारलं.

"ती खोली मी कंपाउंडरला कबूल केलीय, बाई," ते म्हणाले. "तो रोज सात मैल सायकल मारतो."

कंपाउंडर तिथेच बाटल्यांवर कागदाच्या खुणा चिकटवत उभा होता. "सात न्हाई, साडेसात," तो म्हणाला. "वाऱ्याच्या उलटं आलं तर धा."

त्यालाही खोली हवीच होती, माझ्याइतकीच. मागण्याचा मला तोवर फार कंटाळा आला होता. फी माफ करा म्हणून मागायचं, वसतिगृहात जागा द्या म्हणून मागायचं, पुस्तक चार दिवस द्या म्हणून मागायचं. शिकलेली माणसं आयुष्यभर लिहितात वाचतात असं लोकांना वाटतं. पहिल्या पिढीतली आम्ही माणसं निम्मा वेळ मागण्यात घालवतो.

पण डॉक्टरांच्या हॉलमध्ये माशांची पेटी होती.

पेटी म्हणजे साधीसुधी नाही. चार फूट लांब, दीड फूट रुंद, दोन फूट उंच, लोखंडी चौकटीत जाड काचा बसवलेल्या. त्यात अकरा मासे. चार एंजल, चपटे, अंगावर काळे पट्टे आणि वर-खाली पतंगाच्या शेपटीसारखे पर असलेले, दोन गुरामी, बाकीचे पाच काळेभोर मोली. डॉक्टरांनी ते मुंबईहून दुधाच्या कॅनमधून आणले होते. गेल्या हिवाळ्यात त्यांचे आधीचे सगळे मासे थंडीने मेले होते. हे मासे उबदार मुलखातले. त्यांना साधारण सव्वीस डिग्री लागते, आणि आमच्याकडे पौषात सकाळी नळाखाली हात धरवत नाही.

आठवडाभराने डॉक्टरांनी मला हॉलमध्ये बोलावलं. त्यांच्या मुलीचं बाळंतपण पुण्याला होतं, त्यांची बायको आधीच गेली होती, आणि त्यांनाही पंधरा-वीस दिवस जायचं होतं.

"तुम्ही फिजिक्सवाल्या ना? मग या पेटीला हीटर तुम्हीच निवडा. मोठा, भरवशाचा. मला त्यातलं कळत नाही, आणि दुकानदार म्हणतो ते सगळं खरं वाटतं." मग पेटीकडेच बघत म्हणाले, "दिवसा घरात माणूस पाहिजे. लाईट जाते, येते. तुम्ही शाळेत असता. तुमच्या आई येणार असतील तर आणा. मी येईपर्यंत खोकी व्हरांड्यात काढून ठेवू. हे मासे नीट राहिले, तर कंपाउंडरचं मी बघतो काहीतरी."

एवढंच बोलणं. कागद नाही, शब्दही धड नाही. मी मात्र तो शब्द धरला. मासे जगले तर आई राहणार. मेले तर आई परत खडीवर. त्या हिवाळ्यात मी दुसऱ्या कशाचाही विचार केला नाही.

शनिवारी शाळा सकाळची. दुपारच्या एस.टी.ने नगरला गेले. विजेच्या पहिल्या दुकानात सांगितलं, माशांच्या पेटीत घालायचा हीटर पाहिजे. दुकानदाराने बादलीत घालायचा रॉड पुढे केला.

"हा लटकावत नाहीत पेटीत," मी म्हटलं.

"का? मासे लाजतात का?" तो म्हणाला. मागच्या बाकावरची दोन माणसं हसली. "बाई, माणसं गार पाण्यानं अंघोळ करत्यात सध्या. तुमच्या माशांना गरम लागतंय!"

त्यात चूक काहीच नव्हती. माझ्याही मनात तेच होतं. मी बाहेर पडले.

चौकशी करत करत एका रेडिओ दुरुस्त करणाऱ्या म्हाताऱ्यांकडे पोचले. सगळं नगर त्यांना चाचा म्हणे. ते कुणाकुणासाठी मुंबईहून असल्या वस्तू मागवून देत. त्यांच्याकडे तीन तऱ्हेचे हीटर होते. सगळ्यांचा घाट एकच: काचेची नळी, तिच्यात तारेचं वेटोळं, वर रबरी बूच, आणि बुचाजवळ थर्मोस्टॅट. पाणी हवं तितकं तापलं की आपोआप बंद आणि निवलं की परत सुरू करणारा तो भाग. चाचांनी एकेक नळी उजेडाला धरून दाखवली.

"आत वाफ धरलेली दिसली तर घेऊ नका. बुचातून पाणी शिरलंय असं समजा. आणि हा बुचावरचा स्क्रू फिरवत कान लावून ऐका. टिक असा साफ आवाज आला पाहिजे, चिकट नाही." मग म्हणाले, "पेटी मोठी आहे. दीडशे दीडशे वॅटचे दोन घ्या. एका टोकाला एक, दुसऱ्या टोकाला एक."

"तीनशेचा एक आहे ना?"

"आहे. पण दोन घ्या."

"चाचा, मी गणित केलंय," मी म्हटलं. केलंही होतं, शाळेतल्या खडूच्या खोक्यावर. आमच्याकडे विहिरींवरच्या मोटारी सुरू असल्या की व्होल्टेज इतकं उतरतं की दिव्याची तार नुसती लाल दिसते. व्होल्टेज पाऊण झालं की हीटरची ताकद पाऊण होत नाही, जवळजवळ निम्मी होते. म्हणजे तीनशेचा हीटर आमच्याकडे दीडशेचाच. मग मोठाच घ्यायला हवा, आणि एकच घेतला तर तारांची भानगड कमी. हे मी चाचांना वर्गात समजवावं तसं समजावून सांगितलं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, आणि तीनशेचा कागदात गुंडाळून दिला.

दुसऱ्या दिवशी आईला घेऊन आले. तिच्याजवळ एक पिशवी आणि एक वाकळ, जुन्या लुगड्यांची आठ पदरी शिवलेली गोधडी. हॉलमध्ये शिरल्यावर ती पेटीसमोर उभी राहिली.

"हे पानी कोन पितं?"

"कुणी नाही. मासे राहतात."

"एवढ्या पान्यात? धा-अकरा मासे?" तिने काचेला बोट लावलं आणि लगेच काढून घेतलं. "आमच्या आळीला दोन दिस पुरलं आसतं."

दर आठवड्याला पेटीतलं थोडं पाणी काढून नवं घालायचं असे. ते काढलेलं पाणी आईने कधी मोरीत जाऊ दिलं नाही. बादलीने नेऊन मागच्या लिंबाला घालायची. त्या वर्षी सगळ्या गावात तेवढं लिंबाचंच झाड हिरवं होतं.

डॉक्टर निघाले. जाताना आईला म्हणाले, "मावशी, पाणी कोमट राहू द्या म्हणजे झालं. हात घालायच्या आधी बटण बंद करायचं, एवढं विसरू नका."

"व्हय, डाक्तरसायेब. कोमट."

मी शाळेच्या प्रयोगशाळेतून एक थर्मामीटर लिहून देऊन आणला होता. सकाळ-संध्याकाळ मी स्वतः पेटीत धरून बघायची आणि लगेच माझ्या ट्रंकेत ठेवायची. फुटला तर शाळेला काय तोंड दाखवू, ही एक भीती. दुसरं खरं कारण सांगायला आजही जड जातं: आईला पारा वाचता येणार नाही, असं मी धरूनच चालले होते. अक्षरओळख नाही, मग आकडे कसले कळणार. तिला सांगितलं, तू नुसता हात घालून बघ, कोमट आहे की नाही.

आठ दिवस सगळं ठीक चाललं. सव्वीस, पंचवीस, सव्वीस. दिवसा दिवे लाल, माझं गणित बरोबर. मी मनातल्या मनात फुगले होते.

त्यानंतरच्या शनिवारी मला नगरला शिक्षकांच्या वर्गाला जावं लागलं. मुक्काम पडला. सकाळी निघताना पाणी सव्वीस होतं. रविवारी दुपारी परत आले, तर कंपाउंडर दवाखान्याच्या ओट्यावर बसलेला. डॉक्टर नव्हते तरी तो रोज येऊन झाडलोट करायचा आणि आलेल्या पेशंटांना राहुरीला पाठवायचा.

"बाई, काल सकाळधरनं लाईट काय झकास हाय!" तो म्हणाला. "मोटारींची लाईन बंद केलीय. दिवा आसा पेटतोय जसा लग्नातला."

मी पिशवी तिथेच टाकून आत पळाले.

पेटीला चारही बाजूंनी आईची वाकळ गुंडाळलेली. वरून सुतळी बांधलेली. आई शेजारी खाली बसून तांदूळ निवडत होती.

"गारठा लई पडला काल," ती म्हणाली. "लेकरं गारठतील म्हनून घातली."

मी वाकळ ओढली. तीन एंजल आडवे होऊन वर तरंगत होते. चौथा कोपऱ्यात तोंड वर करून धापा टाकत होता. बाकीचेही सगळे वर, पाण्याच्या कडेला, तोंडं उघडीमिटी करत. ट्रंकेतून थर्मामीटर काढून धरला. पस्तीस.

मी बटण बंद केलं आणि ओरडले, "हात घालून बघितला नाहीस?"

"बघितला की! दिसातून चार चार बार. बटन बंद करून. कोमटच हाय की पानी. तू तर कोमटच म्हनालीस."

तिने माझ्यासमोर पुन्हा पाण्यात हात घातला. पंजा बुडवला, थोडा वेळ ठेवला, आणि अगदी खात्रीने म्हणाली, "कोमट."

मी तिचा हात धरला. बोटांच्या मुळाशी, तळव्यावर, अंगठ्याच्या पोटाला घट्टे होते. शहाबादी फरशीसारखे. मी त्यातल्या एकावर नख दाबलं. "लागतंय?" "न्हाई." तापलेला तवाही तिला उशिरा कळत असणार. दिवाळीत खडीवर मी तासभर तिच्यासमोर उभी होते, पण हात हातात घेऊन बघितला नव्हता.

"कोपर घाल," मी म्हटलं.

कोपराने पाणी बघणं तिला शिकवावं लागलं नाही. गावातल्या किती बाळंतिणींच्या लेकरांना तिने न्हाऊ घातलं होतं. तिने बाही वर सारली, कोपर पाण्याला लावलं, आणि तसंच झटकन वर घेतलं.

"आगं बया! हे तर लेकराच्या आंगुळीचं पानी झालं!"

"हो ना."

"मग कोमट का म्हनालीस? आमच्यात कोमट म्हंजी हेच."

तेव्हा मला कळलं की चूक तिच्या हाताइतकीच त्या शब्दाची होती. गार पाण्याने अंघोळ करणाऱ्या घरात कोमट म्हणजे चुलीवरून उतरवलेलं, लेकरासाठी निववलेलं पाणी. ज्यांच्या घरी रोज बंब पेटतो त्यांचं कोमट वेगळं. डॉक्टरांनी शब्द टाकला, मी तो तसाच पुढे ढकलला. आकडा माझ्याजवळ होता, तो मी ट्रंकेत कुलपात ठेवला होता.

आई गार पाण्याची कळशी उचलून आली. मी तिला थांबवलं. एकदम गार ओतलं तर उरलेलेही मरतील. अंधार पडेपर्यंत आम्ही दोघी तांब्या तांब्याने पाणी बदलत राहिलो, एक तांब्या काढायचा, एक घालायचा. आई मध्येच म्हणाली, "मी जाते उद्या माघारी. माझ्यापायी तुझी खोलीबी जायची." मी रिकामा तांब्या तिच्यापुढे धरला. माझे खांदे भरून आले होते आणि रडायला ताकद लागते.

आठ मासे वाचले. सकाळी कंपाउंडरने खिडकीतून डोकावून मोजले.

"बाई, माशांना ताप आला म्हनं? मला सांगायचं, गोळी दिली आसती." मग हलक्या आवाजात, "कालवन झालं का आमटी?"

"तुम्ही खोलीत सामान लावायची घाई करू नका," मी म्हटलं.

"मी कुठं घाई करतोय? पन सायकलीची चेन तुटाय आलीय, एवढं ध्यानात असू द्या."

हीटर काढून उजेडाला धरला. थर्मोस्टॅटचे दोन पत्रे एकमेकांना चिकटून काळे पडले होते. टिक नाही, काही नाही. पूर्ण दाबाची वीज, बंद न होणारा तीनशेचा हीटर, वर आठ पदरी वाकळ. माझं गणित पडलेल्या व्होल्टेजचं होतं. वीज चढेल हे मी धरलंच नव्हतं, कारण आमच्याकडे ती चढलेली मी कधी बघितली नव्हती.

सोमवारी रजा टाकून पुन्हा नगर. चाचांसमोर हीटर ठेवला आणि काय झालं ते सगळं सांगितलं. त्यांनी पत्रे पाहिले.

"गणित बरोबर होतं बाई. पण लाईन गणित शिकलेली नाही."

"दोन छोटे द्या."

"आता का, ते सांगा." मास्तरांनी फळ्याजवळ उभं करावं तसं त्यांनी मला विचारलं.

मी सांगितलं. दोन असले तर दोन्ही एकाच दिवशी बिघडायचे नाहीत. एक चिकटून चालूच राहिला तर दुसरा आपला आपण बंद होईल. दीडशे वॅटने एवढं पाणी चढायला वेळ लागेल, तोवर माणसाच्या ध्यानात येईल. एक जळून गेला तर दुसरा थोडी तरी ऊब धरील. व्होल्टेज पडलं तर दोन्ही मिळून काम भागवतील, आणि वर पांघरूण घातलं तर तेवढंही पुरेल.

"पास," चाचा म्हणाले. चार नळ्या समोर ठेवल्या. मी एकेक उजेडाला धरली. एकीत बुचाखाली धुरकट वाफ दिसली, ती बाजूला केली. एकीची टिक मला दबकी वाटली, तीही ठेवून दिली. राहिलेल्या दोन घेतल्या, पण पेटीत घातल्या नाहीत. तीन दिवस शाळेच्या प्रयोगशाळेत दोन बादल्यांत लटकावून ठेवल्या आणि प्रत्येक तासानंतर जाऊन पारा बघितला. मुलं म्हणायची, बाई बादलीत काय शिजवतात. एक सव्वीसला बंद होई, दुसरी सत्तावीसला. दुसरीचा तापमान ठरवायचा स्क्रू अर्धा फेरा मागे घेतला. चौथ्या दिवशी दोन्ही पेटीत, दोन टोकांना. तेवढे दिवस आठ मासे आईच्या वाकळेवर आणि चुलीवरच्या तांब्याभर पाण्यावर जगले.

आई दोन नळ्यांकडे बघून म्हणाली, "हां. एका बैलावर मोट चालत न्हाई. तो बसला की सगळंच बसलं."

"हे आधी का नाही सांगितलंस?"

"तू इचारलं कुठं? तू शिकल्याली."

त्यानंतर मी थर्मामीटर ट्रंकेतून बाहेर काढला. सव्वीसच्या रेघेवर लाल दोरा बांधला आणि तो पेटीच्या आत काचेला टेकवून ठेवला. आईला म्हटलं, पारा दोऱ्याला टेकलेला पाहिजे. तांदळाच्या दाण्याएवढा वर गेला तर बटणं बंद कर, तेवढाच खाली आला तर वाकळ घाल. तिने एकदा ऐकलं आणि म्हणाली, "एवढंच? मला वाटलं आकडं वाचायचं असतंय." दोन दिवसांत ती माझ्याआधी सांगू लागली की आज पारा दोऱ्याच्या केसभर खाली आहे. तरी कोपर लावून बघायची सवय तिने सोडली नाही. आणि कोमट हा शब्द तिने आमच्या घरातून काढून टाकला. ती म्हणायची, "गारठा मोडल्यालं पानी." बाही सारून कोपर लावलं तर जरासं गार, पण टोचणार नाही असं. मला तरी सव्वीस डिग्रीला मराठीत याहून बरा शब्द सापडलेला नाही.

डॉक्टर आले त्या दिवशी मी फाटकातच उभी राहिले. कंपाउंडरने सांगायच्या आत मला सांगायचं होतं.

"नातू झाला," ते म्हणाले.

"अभिनंदन. तीन एंजल मेले. मी हीटर चुकीचा निवडला. पाणी पस्तीसवर गेलं. आईची चूक नाही, मी तिला नीट सांगितलं नव्हतं. नंतर दोन छोटे आणून बसवले आहेत."

हातातली बॅग खाली न ठेवता ते हॉलमध्ये गेले. काचेजवळ वाकून मोजलं. आई दारात, पदर सारखा करत. कंपाउंडर तिच्या मागे.

"आठ," डॉक्टर म्हणाले. "मला वाटलं होतं, काहीच नसेल." मग आईकडे वळून, "मावशी, पाणी कसं आहे आत्ता?"

आई पुढे झाली. दोन्ही बटणं बंद केली, बाही सारली, कोपर लावलं. "गारठा मोडलाय. दोऱ्याला टेकला आसंल." मग तिने दोऱ्याकडे बघितलं, कोपराने सांगितलेलं बरोबर आहे का ते ताडून बघायला.

डॉक्टरांनी चष्मा पुढे ओढून पारा वाचला. कंपाउंडरकडे वळून म्हणाले, "दवाखान्याच्या वरचा माळा साफ करून घेतला तर तुला चालेल का? जिना अरुंद आहे."

"जिना चालंल," कंपाउंडर म्हणाला. "साडेसात मैलापेक्षा जिना बरा." आणि माझ्याकडे बघून, "खोकीबी माझ्यासंगं माळ्यावर चढवायला तेवढा हात लावा म्हंजी झालं, बी.एस्सी."

खोकी मी चढवली. बाटल्या फुटल्या नाहीत.

पौषाच्या शेवटी एकदा दिवसभर वीज नव्हती. मी शाळेतून आले तेव्हा पेटीला वाकळ होती, आई शेजारी बसली होती आणि पारा दोऱ्याच्या अर्धा बोट खाली होता. मी आडवी पडले आणि तिथेच झोपून गेले.

होळीपर्यंत थंडी संपली. आठच्या आठ मासे जिवंत होते. दुसरी खोली आईची झाली, आणि ती खडी फोडायला परत गेली नाही.